उपसा बंद : बारा तास

मारेगाव
१६ जुलै २००७

बाबा, जयभीम.

तुमच्या तब्येतीचं इंदूआत्याकडून कळतं, म्हणून इथे विचारत नाही. माझं ठीक आहे. उपकेंद्राचं क्वार्टर मी १० जूनला रिकामं करून दिलं आणि इथे बसस्टँडमागे खोली घेतली. तुमचा रेडिओ आणि रबरी हातमोजे माझ्याकडे आहेत.

हे पत्र कामाचं आहे. मोहझरीला येऊ घातलेल्या कोळशाच्या वीज प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल छापून आला. मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला आहे. जनसुनावणी २८ ऑगस्टला. त्यातलं भूजलाचं प्रकरण माझ्या मोजणीवर उभं आहे. १६, १७ आणि १८ एप्रिलला मी मोहझरीच्या नऊ विहिरी मोजल्या होत्या. विहिरीच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर सरासरी चार मीटर वीस सेंटिमीटर भरलं. भर उन्हाळ्यात पाणी इतकं वर. त्यावरून अहवालात वाक्य आलं आहे की शिवारात भूजल मुबलक आहे, आणि प्रकल्पाने नाल्याकाठी बारा बोअर घेऊन पाणी उचललं तरी विहिरींवर लक्षणीय परिणाम होणार नाही.

मला दोन तारखा हव्या आहेत. एप्रिलमध्ये मोहझरीच्या शेतीपंपांना वीज देणारी डीपी, तो ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. ती कोणत्या दिवशी जळाली, आणि पंप पुन्हा कोणत्या दिवशी सुरू झाले? तुम्ही तेव्हा तिथल्या उपकेंद्रात ऑपरेटर होतात. तुमच्या खिशातल्या डायरीत नोंद असणार.

उत्तर आत्याजवळ सांगितलंत तरी चालेल.

जया


मारेगाव
२९ जुलै २००७

बाबा, जयभीम.

आत्याचा फोन आला. तुमचा निरोप तिने जसाच्या तसा सांगितला: "भाऊ म्हणते, तारखा तुलेच पाठ हायेत. मले काहून इचारून राह्यली?"

बरोबर आहे. डीपी १० एप्रिलच्या संध्याकाळी जळाली. पंप १९ एप्रिलला दुपारी सुरू झाले. मला माहीत होतं. विचारलं ते अशासाठी, की तुमच्याकडून कळल्यासारखं झालं असतं.

आता काय झालं ते नीट सांगते.

विहीर मोजण्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो: मोजणीआधी उपसा किती तास बंद होता. पंप नुकताच चालला असेल तर पाणी खाली गेलेलं असतं. खूप दिवस बंद असेल तर विहीर झिरपून भरते आणि खोटी श्रीमंत दिसते. म्हणून मोजणाऱ्याने विहिरीच्या मालकाला तो आकडा विचारायचा असतो. मी कोणालाच विचारलं नाही. भारनियमनाचं वेळापत्रक आपल्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे चिकटवलेलं होतं. मोहझरीचा शेती फीडर रात्री दहाला सुरू, सकाळी दहाला बंद, हे मला बाराखडीसारखं पाठ. मोजणीची वेळ रात्री दहाच्या आधी, म्हणजे उपसा बंद फार तर बारा तास. मी नऊही फॉर्मवर जीपमध्ये बसूनच "१२ तास" लिहिलं. दुसऱ्या कोणा मुलीने विचारलं असतं. तिला वेळापत्रक माहीत नसतं.

खरा आकडा बारा तास नव्हता. सहा ते आठ दिवस होता.

गावठाणाची डीपी वेगळी, त्यामुळे गावात दिवे होते, पिठाची गिरणी चालू होती. गावावरून जाणाऱ्याला काही कळलं नसतं. पण मी गावावरून गेले नव्हते, शेतात गेले होते.

हे मला पहिल्यांदा बोलून दाखवलं ते रामीबाईंनी. तांड्यावरच्या, सात नंबरच्या विहिरीच्या मालकीण. तुम्ही त्यांना ओळखता. मी २१ जुलैला सुनावणीची नोटीस लावायला मोहझरीला गेले होते. त्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाच वो बाई, माह्या हिरीचं काय लिवलं." मी वाचलं.

"चार मीटर म्हंजे किती हात?"

"नऊ हात, साधारण."

"एप्रिलात नऊ हातावर पाणी? माह्या हिरीत?" त्या हसायलाच लागल्या. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आयकलं का वो, आपण गंगेकाठी राह्यतो म्हणते हे." मग माझ्याकडे वळून, "एप्रिलात खडक दिसते बाई तिथं. तीन घंटे मोटर चालली का हीर कोरडी. मंग दोन दिवस वाट पाहा. तू दुसऱ्याची तं नाही मोजली?"

"तुमचीच मोजली. सात नंबर."

त्यांनी थोडा विचार केला. त्यांच्या लक्षात यायला मिनिटही लागलं नाही. "अवो, तवा डीपी जळेल होती ना! नऊ दिवस मोटर बंद. हीर भरून राह्यली अन् भुईमूग वाळून राह्यला. तू आलती तवा पाह्यलं नाही का?"

मी पाहिलं होतं. उन्हाळी भुईमुगाची पानं दुपारी मिटलेली होती, काही ठिकाणी पिवळी. त्याच वाफ्यातून चालत जाऊन मी विहिरीत टेप सोडली. पाणी वर आणि पीक वाळलेलं, हे दोन्ही एका फुटावर होतं. माझ्या फॉर्मवर पिकाचा रकाना नव्हता.

जया


मारेगाव
११ ऑगस्ट २००७

बाबा, जयभीम.

तुम्ही उत्तर द्यावं म्हणून मी लिहीत नाही. पण पुढे जे होईल ते तुम्हाला बाहेरून कळू नये.

सोमवारी नागपूरला, हा अहवाल तयार करणाऱ्या आमच्या ऑफिसात गेले. चंद्रशेखर सरांना सगळं सांगितलं, तुमचं नाव सोडून. त्यांनी चिडचिड केली नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जया, हे तुला कोण म्हणालं? विहिरीवाली बाई. बरं. कागद काय म्हणतो?"

कागद त्यांच्याकडे होता. प्रकल्प कंपनीने आधीच मागवून ठेवला होता. डीपी जळाल्याचा सरपंचांचा लेखी अर्ज २ मेचा आहे. नवी डीपी ६ जूनला बसली. एप्रिलमध्ये तक्रारीची नोंदच नाही. कशी असेल? गावाने तोंडी सांगितलं होतं आणि तुम्ही तोंडीच सोडवलं होतं.

"म्हणजे कागदाप्रमाणे डीपी मे महिन्यात जळाली," सर म्हणाले. "एप्रिलमध्ये पंप चालू होते. तुझी मोजणी बरोबर आहे."

"सर, माझी मोजणी चुकीची आहे."

"तू इंजिनियर आहेस की साक्षीदार? पंप बंद होते याचा एक कागद आण. एक. मी स्वतः दुरुस्तीपत्रक काढतो. नाहीतर पुढच्या एप्रिलची वाट बघ."

पुढच्या एप्रिलपर्यंत मंजुरी झालेली असेल. आणि आत्ता पावसाळ्यात मोजून उपयोग नाही, सगळ्याच विहिरी भरलेल्या आहेत.

बाबा, तो एक कागद तुमच्याकडे आहे. मला तो मागता येत नाही. का, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, तरी एकदा लिहिते, कारण आजवर आपण ते उच्चारलेलं नाही.

१९ एप्रिलला तुम्ही मोहझरीचे पंप शेजारच्या शिवाराच्या डीपीवर जोडून दिले. वरचा आदेश नव्हता. भुईमूग आणखी दोन दिवसांत गेला असता म्हणून दिले. मे महिन्यात त्या जोडणीच्या चौकशीला साहेब आले. तुम्ही ड्यूटीवर होतात. मी त्यांना चहा दिला. त्यांनी कप हातात घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोहझरीचे पंप कधी सुरू झाले म्हणे?" मी म्हणाले, "१९ एप्रिल, दुपारी." त्यांनी लिहून घेतलं नाही. माझी सहीही घेतली नाही. पण आठ दिवसांत तुमची घाटंजीकडे बदली झाली आणि चौकशी उघडीच राहिली. तुम्ही लेखी दिलंत की मी अशी कोणतीही जोडणी केलेली नाही. डिसेंबरात तुमची निवृत्ती आहे. तोवर काही सिद्ध झालं नाही तर फाइल बंद होईल.

ज्या दिवशी मी "पंप १९ एप्रिलपर्यंत बंद होते" असं सुनावणीत सांगेन, त्या दिवशी कोणीतरी विचारणार की मग ते सुरू कसे झाले.

आणखी एक. तुम्हाला हा प्रकल्प हवा आहे, हे मी विसरलेले नाही. आपल्या गावात विजेचे खांब आपल्या वस्तीबाहेर, विहाराच्या अलीकडे थांबले होते. पुढचे पाच खांब तुम्ही आणि भगतकाकांनी खांद्यावरून आणले. बाबासाहेबांनी पाण्याचं आणि विजेचं खातं इतकं मनापासून का सांभाळलं असेल, हे तुम्ही मला सहावीत समजावलं होतं. "लाइट आली का माणूस सरळ उभा राह्यते," असं तुम्ही म्हणायचात. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही उपकेंद्रात पेढे वाटले, ते या प्रकल्पाचं काम म्हणूनच.

मी अहवालात शोधलं. २१४ पानांत मोहझरी हे नाव एकतीस वेळा येतं. धुळीच्या तक्त्यात, आवाजाच्या तक्त्यात, राखेच्या तळ्याच्या नकाशात, पाण्यात. वीज कोणाला मिळणार त्या पानावर एकदाही नाही. ती वीज कंपनीच्या स्वतःच्या कारखान्याला जाईल, उरलेली बाहेर विकली जाईल. पर्यायांचं प्रकरण अर्ध्या पानाचं आहे. त्यात लिहिलंय की तांदळाचा कोंडा पुरेसा मिळत नसल्याने जैवइंधनाचा पर्याय व्यवहार्य नाही. आपल्या तालुक्यात भात कोण लावतं? दर घराच्या मागे कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग आहेत. ते अर्धं पान कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून उचललेलं आहे. मी ते छापण्याआधी वाचलं होतं. माझं प्रकरण नव्हतं म्हणून बोलले नाही.

जया


मारेगाव
२६ ऑगस्ट २००७

बाबा,

परवा सुनावणी. आत्याने काल तुमचा निरोप दिला: "लाइट आडवू नोको म्हणा तिले. लाइट आडवणाऱ्याचं बरं नाही होत." मी विचारलं, डायरीबद्दल काही म्हणाले का. आत्या म्हणाली, "डायरीचं नाव काढलं का भाऊ उठून बाहीर जाते."

मी वीज अडवत नाही. एक आकडा दुरुस्त करते आहे. पण त्या आकड्यावर काय काय उभं आहे ते मला दिसतं. तुमची शेवटची चार महिन्यांची नोकरी आणि पेन्शन. माझी नोकरी. सरपंच देवसिंगभाऊंनी गावातल्या चाळीस पोरांची यादी कंपनीला दिली आहे, ती यादी. या दोन वर्षांत कापसाने ज्यांना घरी बसवलं त्यांची पोरं आहेत ती. दुसऱ्या बाजूला नऊ विहिरी.

चार दिवसांत मी टेप तीनदा तपासली. स्टीलच्या पट्टीवर ठेवून, सावलीत आणि उन्हात. टेप बरोबर आहे.

परवा काय बोलायचं ते लिहून काढलं. सहा ओळी झाल्या. पाचव्या ओळीत तुम्ही आहात. ती काढून वाचलं तर बाकीच्या ओळी एकमेकींना धरत नाहीत.

जया


मारेगाव
३० ऑगस्ट २००७

बाबा,

तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून घ्या.

शाळेच्या पटांगणात मांडव होता, ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. कंपनीने बुंदी आणि चिवड्याची पाकिटं वाटली. समोर टेबलावर अध्यक्ष म्हणून जिल्ह्याचे अधिकारी, शेजारी कंपनीचे सल्लागार, त्यांच्या मागे चंद्रशेखर सर. कॅमेरा सगळं टिपत होता. देवसिंगभाऊ पहिले बोलले. कापूस गेला, पोरं रिकामी आहेत, लाइट रात्री येते, साप चावतात, प्रकल्प पाहिजे. टाळ्या पडल्या. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मग रामीबाई उठल्या. म्हणाल्या, "सायेब, आमच्या हिरीत एप्रिलात पाणी नसते. या पुस्तकात हाय. पुस्तकातलं पाणी आमाले द्या, हिरीतलं तुमी घ्या." लोक हसले, अध्यक्षही हसले.

मी हात वर केला. नाव सांगितलं, मोजणी मी केली असं सांगितलं, आणि पहिल्या चार ओळी वाचल्या. उपसा बारा तास बंद होता हे चूक. सहा ते आठ दिवस बंद होता. म्हणून पातळी वर दिसली. हा आकडा धरून काढलेला निष्कर्ष मागे घ्यावा. सरांनी मान खाली घातली.

कंपनीचे सल्लागार फार सभ्यपणे बोलले. "मॅडम, अर्ज २ मेचा आहे. नवी डीपी ६ जूनची. तुमच्या म्हणण्याप्रमाणे डीपी १० एप्रिलला जळाली असेल, तर जवळजवळ दोन महिने पंप बंद पाहिजेत. पण भुईमूग तर मे महिन्यात काढला गेला, उत्तम आला असं तलाठ्यांची नोंद सांगते. पाणी कशाने दिलं? म्हणजे एकतर डीपी एप्रिलमध्ये जळालीच नव्हती, किंवा कोणीतरी मधेच लाइन जोडून दिली. कोणी जोडली?"

इथे पाचवी ओळ होती.

अध्यक्षांनी आधी गावाकडे पाहिलं. "कोणी जोडली लाइन? कोणाला माहिती आहे?"

तीनशे माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही खांबाखाली उभे राहून वायरमनला सांगत होतात तेव्हा निम्मं गाव तिथे होतं, तुम्हाला त्यांनी ताक पाजलं होतं. मग रामीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आपोआप आली जी. जशी आपोआप जाते, तशीच आली."

मांडव हसून हलला. देवसिंगभाऊसुद्धा हसले. प्रकल्प मागणारे आणि नको म्हणणारे, त्या एका गोष्टीवर सगळे एक होते. आणि नको म्हणणाऱ्यांनीही तुमचं नाव घेतलं नाही, घेतलं असतं तर त्यांचीच बाजू सिद्ध झाली असती.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्हाला माहिती आहे?"

मी म्हणाले, "नाही."

कॅमेऱ्यासमोर, माझं नाव आणि पदवी सांगून झाल्यावर. हा माझ्या हातून गेलेला पहिला चुकीचा आकडा नाही, हे खाली सांगते. पण जाणूनबुजून, मोठ्याने, हा पहिला.

कार्यवृत्तात वाक्य आलं: "मोजणीदारांनी आकड्याबाबत शंका व्यक्त केली, तथापि पुरावा देऊ शकल्या नाहीत. ग्रामस्थांनाही माहिती नाही." विहिरींचा विषय तिथे संपला.

पाऊस थांबल्यावर रामीबाई मला सात नंबरच्या विहिरीवर घेऊन गेल्या. विहीर काठोकाठ भरलेली होती. त्या म्हणाल्या, "पाह्य, तुह्या बापाचं नाव कोनंच नाही घेतलं."

"पण तुमचं पाणी गेलं ना त्यात."

"पाणी दोन-तीन वर्सानं जाईन. त्याची नौकरी आजच गेली असती."

"तुम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं?"

"ठरवाले काय लागते वो? भुईमूग वाचला ना तवा." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तूही नाही घेतलं. चांगलं केलं. पोरगी हाय तू त्याची."

बाबा, त्या मला शाबासकी देत होत्या. मी त्यांच्या विहिरीच्या कडेवर उभी होते आणि त्या मला शाबासकी देत होत्या.

आता जे सांगायचं राहिलं आहे ते. मागे मी लिहिलं की माझी चूक मला पहिल्यांदा रामीबाईंनी बोलून दाखवली. बोलून दाखवली हे खरं आहे. लक्षात आधीच आली होती. १९ एप्रिलला संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हात धुतले आणि म्हणालात, "मोहझरीच्या मोटरी चालू करून आलो. नऊ दिवस वाळत होता बिचारा भुईमूग." मी तुम्हाला वाढत होते. नऊ फॉर्म माझ्या पिशवीत, खुंटीला. त्या क्षणी मला कळलं की बारा तास चुकीचं आहे. पुन्हा मोजायचं तर पंप चार-पाच दिवस नेहमीसारखे चालू द्यायला हवे होते, जीप परत गेली होती, आणि सरांनी फॉर्म दुसऱ्या दिवशी मागितले होते. मी तुम्हाला आणखी भाजी वाढली. सकाळी फॉर्म कुरियरने पाठवले.

महिन्याभराने साहेबांना मी १९ ही तारीख अचूक सांगितली. मला चुकीचं सांगता येत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं, तुम्हालाही तेच म्हणाले. पण तीच तारीख माझ्या फॉर्मवर मी लिहिली नाही. ज्या ठिकाणी खरं बोलल्याने तुमचं नुकसान होतं तिथे मी खरं बोलले. जिथे माझी चार-पाच दिवसांची अडचण होती तिथे गप्प बसले. तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलंत ते पहिल्या गोष्टीसाठी. दुसरी तुम्हाला माहीतच नव्हती.

लेखी निवेदनं मंगळवारपर्यंत घेणार आहेत, पोस्टाचा शिक्का त्या दिवसाचा असला तरी चालतो. मी माझं लिहिलं आहे, त्याची प्रत या पाकिटात आहे. त्यात सहाही ओळी आहेत. पंप १९ एप्रिलला उपकेंद्राच्या ऑपरेटरनी शेजारच्या डीपीवर जोडले, त्यांनी मला त्याच दिवशी घरी सांगितलं, मी त्यांची मुलगी आहे, आणि सुनावणीत मी माहीत नाही असं म्हणाले ते खोटं होतं. पीक वाचवायला जोडले, हेही लिहिलं आहे. तुमच्या बाजूने म्हणून नाही. तसं झालं म्हणून.

मे महिन्यात मी तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं. या वेळी सांगते आहे. हे पत्र घाटंजीच्या बसच्या कंडक्टरसोबत आजच पाठवते, संध्याकाळी तुमच्या हातात पडेल. निवेदन मी सोमवारी सकाळी रजिस्टर पोस्टाने पाठवणार. मधे तीन दिवस आहेत. त्याआधी तुम्ही स्वतः खात्याला कळवलंत, डायरीसह, तर गोष्ट वेगळी दिसेल असं मला वाटतं. किती वेगळी, ते मला मोजता येत नाही. तुम्ही कळवलं नाही तरी मी पाठवणार. तुम्ही येऊन मला अडवलंत, तर काय होईल ते मला माहीत नाही. म्हणून येऊ नका, असं लिहिणार होते. लिहीत नाही.

चंद्रशेखर सरांचा निरोप आला आहे की एक तारखेपासून माझी गरज नाही.

जया


मारेगाव
३ सप्टेंबर २००७, सोमवार

बाबा,

सकाळी सातला आत्याचा फोन आला. तुम्ही सहाच्या गाडीने निघालात म्हणाली. पांढरा शर्ट, बगलेत कागदांची पिशवी. कुठे, ते सांगितलं नाही. "चहाबी नाही घेतला वो. इस्त्री मातर सोता केली."

यवतमाळला खात्याच्या कार्यालयात गेला असाल. किंवा प्रकल्पाच्या बाजूने निवेदन द्यायला गेला असाल, तेही मंगळवारपर्यंतच घेतात आणि तो तुमचा हक्क आहे. किंवा इकडे. इकडची गाडी पावणेदहाला लागते. मी खोलीतून ती पाहिली. उतरणाऱ्यांत तीन पांढरे शर्ट होते. तुम्ही नव्हतात. पुढची साडेअकराला होती. मी तिची वाट पाहिली नाही. वाट पाहिली असती तर बहुधा पाठवलं नसतं.

साडेदहाला पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवलं, पत्ता वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "पाठवणाऱ्याचं नाव नाही टाकलं."

"जया मुनेश्वर."

"पूर्ण सांगा बाई. अर्ध्या नावावर रजिस्टर होत नाही."

मी पूर्ण सांगितलं. जया गोविंदा मुनेश्वर. त्यांना पावसात आणि गर्दीत नीट ऐकू गेलं नसावं, त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. म्हणून मधलं नाव मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि पाकीट आत दिलं.

जया